आईची अर्धवट गोधडी, आणि सुईदोऱ्याने आठवण मांडणारे चित्रकार

रेशीमकाठ:
वाईचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आईची अर्धवट राहिलेली गोधडी सापडली. आई जाऊन सहा वर्षं झाली. वर तिची अंजिरी फुलाफुलांची साडी, खाली आजीचं विटून गेलेलं नऊवारी, मधल्या थरात बाबांची धोतरं आणि माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टाचे तुकडे. कडेने सुरुवात करून चारही बाजूंनी आत आत येत तिने पांढरा धावदोरा घातलाय. मधला हातभर चौकोन तेवढा राहून गेला. सुई तिथेच टोचलेली आहे, नेढ्यात वीतभर दोरा ओवलेला.

तीन आठवडे झाले, गोधडी पलंगावर पसरून ठेवली आहे आणि तिला हात लावायचा धीर होत नाही. पुरी करावी, की आहे तशी ठेवावी? हे विचारायलाच इथे चर्चेचा धागा काढतेय. पण या तीन आठवड्यांत जे वाचलं, पाहिलं तेही सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे यातली काही नावं ओळखीची होती. ती अशी घरात येऊन शेजारी बसतील असं मात्र वाटलं नव्हतं.

लुईझ बुर्ज्वा, शिल्पकार. जन्म १९११, पॅरिस. तिच्या आईवडिलांचा जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे लोकरीत विणून काढलेली भिंतभर चित्रं, दुरुस्त करायचा व्यवसाय होता. शेकडो वर्षं टांगून राहिलेल्या या कापडांची खालची बाजू आधी झिजते, त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पाय नाहीसे झालेले असायचे. लहानग्या लुईझचा हात चित्रात चांगला, म्हणून ते हरवलेले पाय काढून द्यायचं काम तिच्याकडे आलं. ती काढायची आणि कारागीर त्याबरहुकूम लोकरीने भरून काढायचे. माझ्या वर्गातली मुलं पहिली रेघ कोऱ्या कागदावर मारतात. हिची रेघ सुरू झाली ती फाटलेलं सांधण्यासाठी.

१९३२ मध्ये तिची आई गेली. पुढे म्हातारपणी तिने जे प्रचंड पोलादी कोळी घडवले ते या आईसाठी. त्यातला 'मामाँ' १९९९ चा, नऊ मीटरहून उंच, पोटाखाली संगमरवरी अंडी. कोळी पाहून आपण दचकतो. तिला त्यात जाळं तुटलं तरी न चिडता पुन्हा विणायला बसणारी बाई दिसायची.

मला सगळ्यात हलवलं ते तिच्या कपड्यांनी. ऐंशी पार केल्यावर तिने आयुष्यभर जपलेले कपडे कपाटांतून बाहेर काढले. स्वतःचे, आईचे. १९९६ च्या एका कामात तिचे जुने झिरझिरीत झगे गुरांच्या हाडांवर टांगलेत, आपण हँगरला अडकवतो तसे. २००२ मध्ये, नव्वदीत, लग्नातल्या आद्याक्षरं भरलेल्या नॅपकिनांची पानं करून तिने कापडाचं अख्खं पुस्तक शिवलं. त्यात मजकूर अगदी थोडा. बाकी नुसत्या पट्ट्या, घड्या, काजी, टाके. नाव 'विस्मरणाला अर्पण' अशा अर्थाचं. आणि झोप लागत नसे तेव्हा हात कागदाकडे वळायचा. नोव्हेंबर १९९४ ते जून १९९५ या काळात रात्री जागून काढलेल्या चित्रांची २२० पानं आहेत.

कागद कोरा मिळतो. कापड मात्र हाताशी येतं तेव्हा ते आधीच कुणीतरी नेसलेलं, घामाने भिजवलेलं, मुलाच्या तोंडाला पुसलेलं असतं. म्हणून कापडाचं काम पाहताना ओळख करून द्यावी लागत नाही. जुन्या साडीचा मऊपणा आपल्या गालाला आधीच ठाऊक असतो, आणि परक्या बाईच्या दुःखापर्यंत आपण तिथूनच पोचतो, असं मला वाटू लागलंय.

तर सांगा. काय करू?

नदीकाठी:
ताई, वाचताना घशाशी आलं. माझं मत, हात लावू नका. ती सुई जिथे आहे तिथे तुमची आई आहे.

जतनकार:
नदीकाठी यांच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो, सुई आजच्या आज काढा. मी जुन्या कापडांच्या जतनाचं काम करतो. सहा वर्षांत लोखंडाला गंज धरलेला असणारच. गंज कापडावर नुसता डाग पाडत नाही, सुताचा धागा आतून खातो. काही वर्षांनी तिथे भोक पडेल आणि सुईही राहणार नाही, जागाही राहणार नाही.

काढताना ओढू नका. आधी दोन बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्या. मग सुई हलकेच फिरवून सैल करा, दोरा नेढ्यातून सोडवा आणि तो दोरा कापडावर आहे तसाच पडू द्या. सुई होती तिथे वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्याचा एक सैल टाका घाला, खूण म्हणून. पुढेमागे तो उसवता येतो. सुई वेगळी, कागदात गुंडाळून ठेवा.

गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, कोंदट होऊन बुरशी धरते. धुऊन खळ घालवलेल्या मांजरपाटात गुंडाळा. घडी न घालता वळकटी करा, म्हणजे घडीवर कापड चिरणार नाही. डांबराच्या गोळ्या थेट कापडावर ठेवू नका.

रेशीमकाठ:
जतनकार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जवळून पाहिलं तर सुईभोवती तांबूस कड खरंच दिसतेय. उद्या सकाळच्या उजेडात काढते.

पोटोमॅककाठ:
रेशीमकाठ, धागा फार जवळचा वाटला. मी गेली बावीस वर्षं मेरीलँडमध्ये राहते, म्हणून इथल्याच एका बाईंबद्दल लिहिते. एस्थर निसेंथाल क्रिनिट्झ. जन्म १९२७, पोलंडमधलं म्निशेक नावाचं खेडं, ज्यू कुटुंब. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्या भागातल्या सगळ्या ज्यूंना रेल्वे स्टेशनवर हजर व्हायचा हुकूम झाला. एस्थर १५ वर्षांची. तिने जायला नकार दिला आणि धाकट्या बहिणीला, मानियाला, बरोबर घेऊन वेगळ्या वाटेने निघाली. दुसऱ्या गावात कॅथलिक शेतकऱ्यांच्या मुली म्हणून खोट्या नावांनी दोघी राहिल्या आणि वाचल्या. आईवडील आणि बाकीची भावंडं पुन्हा दिसली नाहीत.

१९४९ मध्ये त्या अमेरिकेत आल्या, शिवणकामावर पोट भरलं. चित्रकलेचं शिक्षण काही नाही. १९७७ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, आपलं माहेरचं घर मुलींना दाखवावं म्हणून कापडावर कापड लावून आणि भरतकाम करून त्यांनी ते चित्र केलं. तिथून पुढे २००१ मध्ये जाईपर्यंत अशी ३६ चित्रं झाली. खाली सुईनेच भरलेल्या ओळी.

त्यातलं मधमाश्यांचं चित्र विसरता येत नाही. ती बागेत काम करतेय, दोन जर्मन सैनिक येऊन बोलू लागतात. त्यांची भाषा तिला कळते, पण कळतं हे दाखवून चालणार नाही, म्हणून नुसती मान हलवतेय. तेवढ्यात पेटीतल्या मधमाश्या उठतात आणि सैनिकांभोवती घोंगावतात. सगळं चित्र भाजीच्या वाफ्यांचं, हिरवंगार, फुलं एकेका टाक्याची. भीती कुठे रंगवलेलीच नाही. वाफे मात्र मन लावून भरलेत, जणू त्या दिवशी ती जमिनीकडेच पाहत होती. मी माझ्या मुलीला चित्रांच्या प्रती दाखवल्या तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो युद्धाबद्दल नव्हता. "बहिणीचा हात तिने आख्खा रस्ता धरला होता का?" असं तिने विचारलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. पण या बाईंनी पस्तीस वर्षं थांबून मग सुई घेतली. घाई करू नका एवढंच म्हणेन.

खडूफळा:
मी उलट बाजूने बोलते. पूर्ण करा आणि पांघरा.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. गुलामीच्या काळातल्या कापसाच्या मळ्यावरची माणसं, बहुतेकांचं आडनाव त्या मळेवाल्याचंच, पेटवे. तिथल्या मिसूरी पेटवे यांचा नवरा गेला. १९४२ मध्ये त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे फाडून त्यांची गोधडी शिवली, मुलीला मदतीला घेऊन. मुलीने पुढे आठवण सांगितली आहे. आई म्हणाली होती की याची गोधडी करीन, त्याची आठवण ठेवीन आणि मायेने अंगावर घेऊन निजेन. त्या कापडात निळ्या विजारींचे गुडघे फिके पडलेत, तिथेच तो वाकायचा. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या बायकांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि लोक आधुनिक चित्रकलेशी तुलना करू लागले. पण शिवल्या होत्या त्या थंडी लागू नये म्हणून. तुमच्या आईनेही भिंतीसाठी दोरे घातले नसणार.

गिरणगाव:
खडूफळा, जीज बेंडची पुढची गोष्टही सांगायला हवी. २००७ मध्ये तिथल्या काही जणींनी आपल्या गोधड्यांच्या आणि नक्ष्यांच्या पैशांवरून न्यायालयात दावे लावले. पुढच्या वर्षी ते मिटले. पण मला ते योग्य वाटलं. आठवण, माया हे सगळं खरं असलं तरी हात कुणाचा होता, नाव कुणाचं लागलं, पैसे कुणाला मिळाले हे विचारायलाच हवं.

माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत. हजारो वार कापड विणलं, एकावरही त्यांचं नाव नाही. आपल्याकडे चित्रकार आणि विणकर यांना एका छपराखाली बसवायचा मोठा प्रयत्न झाला होता, विणकर सेवा केंद्रांत. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ मध्ये तिथे लागले, आधी बनारस आणि मग मुंबई. त्यांच्या चित्रांतली ती पातळ, नेमकी बाह्यरेघ पाहताना मला नेहमी कापडावरची नक्षी आठवते. बरव्यांचं नाव राहिलं, याचा आनंदच आहे. शेजारच्या मागावर कोण बसलं होतं तेही कुणीतरी लिहायला हवं होतं.

ताई, पूर्ण करा वा करू नका, मागच्या बाजूला आईचं नाव भरा.

हल्याळकर:
नावावरून आठवलं. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. सिद्दी म्हणजे पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाट चढून जंगलात आलेल्या माणसांचे वंशज. त्यांतले कॅथलिक सिद्दी कोकणी बोलतात, हल्याळकडच्यांना मराठीही येतं. कवंदही कडेकडेने आत येत शिवतात, तुमच्या आईसारखंच. चारही कोपऱ्यांत कापडाच्या तिकोनी घड्यांची फुलं लावतात. फुलाशिवायचं कवंद त्यांना उघडंनागडं वाटतं. आणि शेवटचा मधला तुकडा बंद करण्याआधी काही जणी आत चार तांदूळ ठेवतात, कवंदाचं पोट रिकामं राहू नये म्हणून.

म्हणजे तुमच्या आईचा राहिलेला चौकोन पोटाचाच.

रेशीमकाठ:
हल्याळकर, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे आजी भाकरीचा वाळका तुकडा घालायची. मी साफ विसरले होते.

सुई काढली. नेढं गंजून बुजलं होतं, दोरा तुटलाच. खुणेचा लाल टाका घातला.

निळीशाई:
दोन कामं सांगावीशी वाटतात, दोन्ही घर सुटण्याबद्दल, कारण तुम्ही वाईचं घर रिकामं करताय.

पहिली चित्रकार झरीना. जन्म १९३७ चा, अलीगढची. लग्नानंतर देशोदेशी फिरली आणि न्यूयॉर्कमध्ये राहिली. माहेर १९५९ मध्ये कराचीला गेलं. तिथल्या बहिणीने, राणीने, तिला उर्दूत पत्रं लिहिली आणि टाकली नाहीत. आईवडिलांचं जाणं, घर विकणं, मुलं घरातून निघून जाणं, असं सगळं. ती पत्रं बऱ्याच वर्षांनी हाती आली तेव्हा झरीनाने त्यांच्यावर घरांचे आराखडे आणि नकाशे छापून आठ चित्रांचा संच केला, २००४ मध्ये. अक्षरं खाली, घराच्या भिंती वर. बहिणीची ओळ कुठेही खोडलेली नाही. त्याआधी १९७० च्या दशकात तिने दोऱ्याशिवाय नुसत्या सुईने कागद टोचून चित्रं केली होती. पांढऱ्यावर पांढरं. उजेड तिरपा पडला तरच दिसतात.

दुसरा कलाकार दो हो सुह, जन्म १९६२, सेऊल. तो राहिलेली घरं पातळ, आरपार दिसणाऱ्या कापडात मापाबरहुकूम शिवतो. दरवाज्याची मूठ, बिजागरी, दिव्याचं बटण, सगळं कापडाचं. वडील शाईचे चित्रकार, घर जुन्या कोरियन धाटणीचं. पारंपरिक कोरियन पोशाख शिवणाऱ्या बायकांकडून त्याने शिवण समजून घेतली. न्यूयॉर्कमधलं भाड्याचं घर सोडताना त्याने भिंती, चूल, फ्रीज सगळं कागदाने मढवलं आणि रंगीत पेन्सिल घासून त्या घराचा ठसा उठवला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण करायचो तेच. इंग्रजीत या घासण्याला 'रबिंग' म्हणतात. कोरियन लिपीत 'रबिंग' आणि 'लव्हिंग' एकसारखंच लिहिलं जातं, म्हणून या कामांच्या नावात त्याने दोन्ही शब्द ठेवले.

मला सुचतं ते असं. पुढचं काही ठरवण्याआधी गोधडीवर पतंगाचा पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. कापडाला धक्का न लावता तुमच्या हाताला आईचे टाके कळतील.

जतनकार:
कल्पना चांगली आहे. मऊ पेन्सिल घ्या, टोक नको. कागद गोधडीपेक्षा मोठा हवा, म्हणजे शिसं कापडावर उतरणार नाही. आजीच्या लुगड्याची बाजू करू नका, ती जास्त जीर्ण असेल.

सांजवात:
उशिरा आले. एवढं वाचून चिलीच्या बायका आठवल्या. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि हजारो माणसं उचलली गेली. ज्यांचे नवरे, मुलगे परत आले नाहीत अशा बायका सँटियागोत एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. १९७६ पासून चर्चच्या एका मदत संस्थेने त्यांना जागा दिली आणि ही चित्रं परदेशी पाठवून विकली. या चित्रांना म्हणतात आर्पियेरा, आणि त्या शब्दाचा अर्थच गोणपाट. मागे डोंगररांग, वर सूर्य, चिमुकली घरं, आणि दारात उभी बाहुलीएवढी बाई. हातातल्या फलकावर भरलेलं असतं, 'ते कुठे आहेत?' कधी कधी चिंधी त्या हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याची. अधिकाऱ्यांना आधी तो बायकांचा फावल्या वेळचा उद्योग वाटला.

त्यांचं काम पूर्ण झालं की नाही हे कुणाला ठरवता येईल? माणूस सापडेपर्यंत त्या दुसरं चित्र शिवायला घेत होत्या. तुमच्या गोधडीतला रिकामा चौकोन मला त्या फलकासारखा वाटतो. तो रिकामा राहिला तर कुणीतरी विचारेल, हे कोणाचं?

रेशीमकाठ:
सगळ्यांना एकदमच लिहिते. काल भाचीला बोलावलं. ती कागद धरून होती आणि मी घासत होते. जवळजवळ चार तास लागले, तीन कागद फाटले.

साडीवर इतकी फुलं आहेत की पांढरा दोरा त्यात हरवतो. तीन आठवडे पाहूनही मला टाके नीट दिसलेच नव्हते. कागदावर फुलं उतरली नाहीत, नुसते टाके उठले. बाहेरच्या ओळी एकसारख्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मग आत येता येता लांब होत गेलेल्या. शेवटच्या चार ओळी तिरक्या आहेत, एक तर दुसरीला जाऊन मिळालीय. लाल खुणेजवळ तीन टाके एकाच जागी पडलेत, जणू बोटाने चाचपून घातलेले.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता हे आम्हाला ती जायच्या आधी जेमतेम दोन महिने कळलं. विचारलं की म्हणायची, "दिसतंय गं चांगलं." भाची म्हणाली, "मावशी, आजी अंधारात शिवत होती का?"

मधला चौकोन मी शिवणार आहे. नवी सुई, पिवळा दोरा, म्हणजे तिचा पांढरा कुठे थांबला ते कुणालाही दिसेल. तिच्या तिरक्या ओळी सरळ करणार नाही. बंद करण्याआधी भाकरीचा तुकडा घालीन (जतनकार, रागावू नका, त्याने किडे येतात हे मला कळतं. अगदी खडखडीत वाळवून, नखाएवढा). मागे नाव भरेन, आईचं आणि आजीचंही. ठसे घेतलेले कागद शाळेत नेतेय. सातवीच्या मुलांना घरून एकेक जुनं कापड आणायला सांगितलंय.

एकच शंका. पिवळ्या दोऱ्याचा रंग साडीवर उतरला तर?

जतनकार:
रागावत नाही. तांदूळ घाला, ते त्यातल्या त्यात बरे. दोरा आधी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, मग ओला असतानाच पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडकं पिवळं झालं तर तो दोरा नको, दुसरा आणा.